यंत्र वाचत नाही त्या ओळी

नागोराव टोम्पे यांनी स्वतःची नोकरी जाईल अशा कागदावर सही केली, आणि त्या कागदावर लिहिलेली चूक माझी होती. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण पुढे गेले की मी स्वतःला सांभाळून घ्यायला लागेन. माझा स्वभाव मला चांगला माहीत आहे.

नागोराव तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात ऑपरेटर. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. नांदेडकडच्या कंधार तालुक्यातून विसाव्या वर्षी बोईसरला उतरले ते इथलेच झाले. सरावलीत दोन खोल्या, घरात बायको मैनाबाई, शिक्षण आठवी. माणूस बोलायला कमी. शिफ्टला वीस मिनिटं आधी यायचे आणि कुणाशी न बोलता तिन्ही भांड्यांभोवती फिरायचे. भांडं म्हणजे रिॲक्टर, पण कारखान्यात त्याला सगळे भांडंच म्हणतात. पाइपाला हात लावायचा, झाकणाजवळ कान न्यायचा, मग हजेरी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. भिंतीवर एवढे मीटर असताना हे काय चाललंय, असं मनात आलं.

मी प्रियदर्शिनी. पालघरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. माझं काम ऐकून लोक जरा गोंधळतात: मी भाषा तयार करते. माणसांनी बोलायच्या नव्हेत, एकेका धंद्यापुरत्या बेतलेल्या, चाळीस-पन्नास शब्दांच्या भाषा. त्या धंद्यातल्या माणसाने आपल्या शब्दांत लिहायचं आणि यंत्राला ते समजायला हवं, एवढंच. नागोरावांच्या कारखान्यासाठी मी केली तिचं नाव ‘कृती’. माल कसा करायचा ते तिच्यात असं लिहायचं:

घाल पाणी ४०० लिटर
ढवळ सुरू
तापव ६० पर्यंत
थांब २० मिनिटं

यातले निम्मे शब्द नागोरावांचे. मी आधी ‘मिसळा’ ठेवलं होतं. ते म्हणाले, “ताई, यंत्राला काहून अहो-जाहो करता? ते काय तुमचा सासरा हाय? ढवळ म्हणा, ऐकतंय.” मी खूप हसले आणि शब्द बदलला. प्रत्येक पायरी ऑपरेटरला पडद्यावर दिसायची, त्याने वाफेचा व्हॉल्व्ह, कारखान्याच्या बोलीत स्टीमचा वॉल, फिरवायचा, मीटर साठवर आला की यंत्र पुढची पायरी दाखवायचं. आकडे प्रयोगशाळेने मंजूर केलेले. त्यांना हात लावायची ऑपरेटरला परवानगी नव्हती, आणि तसं मीच बांधून दिलं होतं.

एक सोय मात्र मी जाता जाता ठेवली. ओळीच्या सुरुवातीला चांदणीची खूण टाकली की ती ओळ म्हणजे ‘टीप’. ती पायरीखाली पडद्यावर दिसते, पण यंत्र तिच्याकडे बघत नाही. सगळ्याच भाषांत अशी सोय असते. शिकवताना मी अगदी ऐटीत म्हणाले होते, “जे यंत्राला नाही, माणसाला सांगायचंय, ते टिपेत लिहा. मलासुद्धा काही सांगायचं असेल तर तिथेच लिहा.” नागोरावांनी खिशातली लाल पेन्सिल काढून हे वहीत उतरवून घेतलं होतं. मी विसरून गेले.

आता फळ्याचं सांगायला हवं. भांड्यांच्या समोर भिंतीवर एक काळा फळा होता. जाणाऱ्या शिफ्टने येणाऱ्या शिफ्टसाठी त्यावर खडूने काहीबाही लिहिलेलं असायचं. ‘२ नंबरचा पंप आवाज करतो’, ‘शुक्रवारी पाण्याला दाब नाही, सावकाश घ्या’. काही ओळी महिनोन् महिने तशाच. मला तो गचाळपणा वाटला. आता सगळं पडद्यावर आहे, तर फळा कशाला, असं मीच प्लांट मॅनेजर मेहुलभाईंना सुचवलं आणि फळा उतरवला. त्या फळ्याचा एक नियम होता, तो मला कुणी सांगितला नाही आणि मी विचारला नाही. ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं, आणि ती अडचण दूर झाल्याशिवाय पुसायचं नाही. कोरी जागा म्हणजे काम झालं. तीसेक वर्षं तो कारखाना या नियमावर चालला होता.

फळा गेल्यावर नागोरावांनी तोच नियम टिपांना लावला. जूनपासून डिसेंबरपर्यंत ते टिपा लिहीत होते आणि दुसऱ्या शिफ्टचा विनोद त्या वाचून काम करत होता. विनोद एडवणचा, तिशीचा. त्याला भांड्यांचं काम नागोरावांनीच हाताला धरून शिकवलं होतं. त्या सहा महिन्यांत मी त्यांची एकही टीप वाचली नाही. मला फक्त यंत्राचा अहवाल यायचा. तीन नंबरच्या भांड्यावर तापमान पूर्ण व्हायच्या आत ‘तरीही पुढे’ हे बटण दर वेळी दाबलं जातंय, असं त्यात दिसायचं. पुण्याच्या एका संमेलनात मी तो आलेख दाखवून म्हणाले, “आमच्या ऑपरेटरांना भारी घाई असते.” लोक हसले होते. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

डिसेंबरात मी ‘कृती’ची नवी आवृत्ती आणली. माझी सगळ्यात लाडकी. आता ओळी लिहायचीही गरज नव्हती. पडद्यावर चौकटी आणि बाण मांडायचे, चित्र पुरं झालं की त्यावरून ओळी यंत्रच लिहून देणार. जुन्या कृती, म्हणजे एकेका मालाच्या लिहून ठेवलेल्या पायऱ्या, आधी चित्रात घ्यायच्या आणि मग चित्रावरून पुन्हा लिहून घ्यायच्या होत्या. मी कारखान्यात गेले, नागोरावांना त्यांच्या नावाने पडदा उघडायला लावला. चित्र बघून ते खूश झाले. मग प्रश्न आला: ‘चित्रावरून मजकूर नव्याने लिहू का?’

नागोरावांचं बोट थांबलं. “ताई, आपलं लिवलेलं राहतंय ना?”

“सगळं राहतं हो. दाबा.”

त्यांनी दाबलं. एकोणीस कृती होत्या, एकोणीस वेळा दाबलं.

चित्रात टिपेला जागा नव्हती. चौकट पायरीची, बाण क्रमाचा. टीप ना पायरी, ना क्रम. हे मला माहीत होतं. राहिलेल्या कामांच्या यादीत मीच लिहिलं होतं, ‘टिपा गळतात, किरकोळ, पुढच्या वेळी बघू’. नागोरावांनी विचारलं तेव्हा ती यादी माझ्या डोक्यात आलीसुद्धा नाही. लिहिलेलं म्हणजे पायऱ्या, असंच मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी नागोरावांची साप्ताहिक सुट्टी होती, त्यांच्या शिफ्टला विनोद आला होता. सकाळी साडेअकराला मेहुलभाईंचा फोन आला. “बेन, तीन नंबर उडाला. विनोद भाजला. तुम्ही लगेच या.”

मी खुर्चीतून उठले आणि परत बसले.  पालघरहून बोईसर फार लांब नाही, तरी रिक्षातली वाट संपता संपेना. पोचले तेव्हा विनोदला दवाखान्यात नेलं होतं. तीन नंबरच्या झाकणाच्या कडेने लाल फेस बाहेर आला होता, जिन्यावरून खालपर्यंत ओघळून वाळत होता. जिन्यात विनोदची एक चप्पल पडली होती. मी त्या चपलेकडे बघत राहिले. असं काही माझ्या कामातून घडू शकतं, हे तोवर खरंच माझ्या मनाला शिवलं नव्हतं. माझ्या चुका पडद्यावर लाल अक्षरांत यायच्या आणि मी त्या चहा पीत दुरुस्त करायचे.

घडलं ते असं. तीन नंबरचा तापमानाचा मीटर पाच अंश कमी दाखवायचा. पंचावन्न दिसलं की आत साठ झालेले असायचे. दुरुस्तीची मागणी तीनदा गेली होती, मीटर आला नव्हता. त्रेसष्टच्या पुढे तो माल स्वतःहून तापायला लागतो, मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आकडा बदलता येत नव्हता म्हणून नागोरावांनी टीप लिहिली होती, ‘३ नंबरवर ५५ दिसलं की थांबायचं आणि तरीही पुढे दाबायचं’. ही ती घाई. त्या सकाळी विनोदने कृती उघडली तर टीप नाही, आणि मजकूर शेवटी कुणी बदलला ते दिसतं तिथे खाली नाव, नागोराव टोम्पे. त्याने मीटर साठ दाखवेपर्यंत वॉल उघडा ठेवला.

विनोदला मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भेटले. उजवा हात मनगटापासून खांद्यापर्यंत पट्टीत. तो छताकडे बघत म्हणाला, “टीप नाय दिसली. मी बोललो, काकांनी पुसली म्हंजी मीटर बदलला. काका असा कदी नाय पुसायचे. काल पुसला. आमी त्यांच्यावर डोळे मिटून काम करतो, ताई.” मग त्याने मला फळ्याचा नियम सांगितला. मला तेव्हा कळला, सगळं होऊन गेल्यावर.

मी त्याला म्हणायला हवं होतं की काकांनी पुसली नाही, मी पुसली. मी म्हणाले, “काळजी घे.” आणि बाहेर आले.

आमच्या कंपनीचे मालक इंद्रजीत सर मला म्हणाले, “नोंदीत नाव त्यांचं आहे. आपण होऊन तोंड उघडायची काही गरज नाही.” मला राग यायला हवा होता. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. त्याच संध्याकाळी कळलं की नागोरावांनी जबाब लिहून दिला, ‘सूचना माझ्या हातून पुसल्या गेल्या’, आणि खाली सही केली. सोमवारी चौकशी होती. जबाब कायम राहिला तर सोमवारीच काढून टाकणार होते, छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर.

शनिवारी दुपारी मी सरावलीला त्यांच्या घरी गेले. सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते. नागोराव दारातच बसले होते, पेपर उलटा धरलेला. मी विचारलं, “सही का केलीत? दाबा असं मी सांगितलं होतं ना तुम्हाला?”

“बोट माझंच होतं ना ताई. नावबी माझंच दिसतंय.” त्यांनी पेपराची घडी घातली. “नोकरीचं काय, आज ना उद्या संपणारच. विनोदला बघायला गेलतो, तर पोरानं भिंतीकडं तोंड केलं. म्हणला, काका, तुमी असा कसा पुसला? मला काय सांगावं तेच सुचंना. मला पुसल्याचं आठवतच न्हाई हो.”

त्यांचे डोळे भरून आले.  हा माणूस गेले चार दिवस स्वतःच्याच आठवणीवर संशय घेत बसला होता, आणि त्याची आठवण अगदी बरोबर होती.

मैनाबाई चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात देत म्हणाल्या, “ताई, तुम्हाला तर सगळं ठावं असंल. हे तुम्हाला लिवून ठेवायचे की. घरी आले की सांगायचे, आज ताईंना लिवलंय, त्या बगतील.”

“मला? काय लिहायचे?”

“आता ते मला काय म्हाईत?”

 मला नागोरावांचं एकही पत्र, एकही निरोप कधी आला नव्हता. कप तसाच ठेवून मी उठले; सांगायला आले होते ते तसंच राहिलं. रस्त्यात येईपर्यंत माझ्या लक्षात आलं. ‘मलासुद्धा काही सांगायचं असेल तर तिथेच लिहा’, असं मीच म्हणाले होते.

जुन्या आवृत्तीच्या प्रती ऑफिसात होत्या. भर दुपारी पंख्याखाली बसून मी पहिल्यांदा टिपा उघडल्या. दोनशे चौदा निघाल्या. कुठला वॉल उलटा फिरतो, कुठला ड्रम ओला आला तर परत पाठवायचा, वास कसा आला की मागे सरकायचं. मध्येच ‘विनोद, डब्यात धपाटे जास्त आहेत, खाऊन घे’. माझी भाषा त्या कारखान्यात नुसती पाटी लावून बसली होती. कारखाना चालत होता तो या ओळींवर, आणि मी यंत्राला शिकवलं होतं की या वाचायच्या नाहीत. त्यांच्यातल्या चार ओळी माझ्या नावाने होत्या. त्या वाचून मी लॅपटॉप बंद केला. मग उघडला, पुन्हा वाचल्या. मग मला रडू कोसळलं. शेजारच्या टेबलावरची किंजल घाबरून पाणी घेऊन आली.

सोमवारी सकाळी इंद्रजीत सरांना मी सांगितलं की मी चौकशीला जातेय. ते म्हणाले, “विचार कर, हे काम हातचं जाईल.” मी म्हटलं, “जाऊ दे.”

चौकशी मेहुलभाईंच्या केबिनमध्ये होती. नागोराव इस्त्रीचा शर्ट घालून टेबलासमोर बसले होते. विनोदला साक्षीला बोलावलं होतं, तो हात गळ्यात अडकवून भिंतीला टेकून उभा होता, नागोरावांकडे न बघता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चित्रात टिपेला जागा नव्हती, मला ते माहीत होतं, नागोरावांनी विचारलं होतं, मी ‘सगळं राहतं’ म्हणून त्यांना दाबायला लावलं. एकही वाक्य गाळलं नाही. मेहुलभाई डोक्याला हात लावून म्हणाले, “बेन, हे तुम्ही आज सांगता?”

 मी छापून आणलेले कागद टेबलावर ठेवले आणि माझ्या नावाच्या ओळी वाचायला घेतल्या. न वाचता सुटका नव्हती.

‘जुलै. ताई, ३ नंबरचा मीटर खोटा आकडा दाखवतो. तुमच्या भाषेत मीटर खोटा आहे असं सांगायला शब्द नाही. एक द्यावा.’

‘ऑगस्ट. ताई, वाचलं असेल तर कळवा.’

‘ऑक्टोबर. ताई, यंत्राला मीटर खरा वाटतो. त्याला सांगणारं कुणी नाही. शब्द दिला तर मी सांगीन.’

मग चौथी. ‘डिसेंबर. ताई कामात असतील. शब्द येईपर्यंत विनोद, तू माझ्या टिपा वाचत जा. मी पुसल्याशिवाय काही बदललं समजू नको.’

 मेहुलभाईंनी सहीचा जबाब उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि “हा आता रद्द,” म्हणत ड्रॉवरमध्ये टाकून दिला. विनोद भिंतीपासून पुढे आला. “म्हंजी काका, तुमी नाय पुसला?”

“मी काहून पुसू रे?” नागोराव म्हणाले. “मीटर कुठं बदललाय अजून?”

विनोदने डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. नागोराव त्याच्या पट्टीला धक्का लागणार नाही असं बेताने त्याची पाठ थोपटत राहिले. मी दाराकडे निघाले. तिथे थांबायचा मला हक्क नाही असं वाटलं.

“ताई,” नागोरावांनी हाक मारली. आता ते मला बोलतील, बोलायलाच हवं, म्हणून मी वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सहा महिने वाट बघितलेलं उत्तर आता मिळणार, अशा उत्सुकतेने त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढली आणि टेबलावरचा एक कागद पुढे ओढला.

“वाचलं म्हणायचं तुम्ही शेवटी,” ते म्हणाले. “मग शब्द कोणता ठेवलात?”

मी शब्द ठेवलाच नव्हता.